मागचं डावं

चाक काढल्यावर कळलं,
आतलं पॅड झिजून पत्र्याला टेकलंय
आणि बाहेरचं जवळजवळ कोरं.
एकट्यानंच सगळा भार ओढला होता त्यानं
आणि गाडीनं त्याबद्दल फार तर
नेकनूरच्या गतिरोधकावर थोडी कुरकुर केली.

दोन हजार सहाची ऑक्टाव्हिया,
लातूरच्या दातांच्या डॉक्टरकडून घेतलेली.
मुख्तार म्हणाला, "ताई, आख्खा कॅलिपरच बदला.
जाम झालाय, नाही निघायचा."
नव्याची किंमत ऐकली
आणि सील किट, तांब्याची दोन वायसरं,
रबराचं ग्रीस, ब्रेक ऑइलची बाटली
एवढं घेऊन बीडहून परत आले.

जॅकवर भरवसा नाही, म्हणून खाली बाभळीचा ओंडका.
कॅलिपर तारेनं स्प्रिंगला टांगला,
नळीवर त्याचं ओझं नको.
वरची पिन बोटानं सरकली.
खालची
नाही.
तेल सोडलं, रात्र जाऊ दिली.
सकाळी पान्याला पाइप जोडून रेटलं:
केसभर फिरली, मागं आली, पुन्हा केसभर.
निघाली तेव्हा तिच्या अंगावर
पातेल्याच्या बुडाशी करपलेल्या दुधासारखा थर.
पॉलिश पेपर. रॉकेल. आप्पांची फाटकी बनियन.

गंज पिस्टनच्या रबरापर्यंत गेलेला,
मग नळी सोडावीच लागली.
मागचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही,
हँडब्रेक त्याच्याच पोटात असतो.
जुन्या होल्डरात बल्ब बसवतात तसा
दाबत फिरवायचा, फिरवत दाबायचा,
आणि घाई केली की तो जिथल्या तिथं.

आता नळीत हवा.
हवा काढायला दोन माणसं लागतात.
आप्पा म्हणाले, "मी बसतो की."

एकतीस वर्षं एसटी, बीड डेपो.
मांजरसुंब्याचा घाट दिवसातून चार वेळा.
कुणाच्याही गाडीत शेजारी बसले तरी
वळण आलं की त्यांचा उजवा पाय खाली दाबायचा.
साखरेनं आता दोन्ही पावलं मुकी केलीत:
चप्पल मागं राहते
आणि दहा पावलं पुढं गेल्यावर, तेही कुणी सांगितलं तर, कळतं.

मी चाकाशी उकिडवी. निपल, पारदर्शक नळी, सलाईनची बाटली.
"दाबा."
"दाबलं."
"धरा."
"धरलंय."
नळीत काहीच हललं नाही.
"आप्पा, पाय ब्रेकवरच आहे ना?"
उत्तर नाही.
मग, "थांब. बघतो."
दाराच्या फटीतून मला दिसले ते,
स्टिअरिंगखाली वाकून
स्वतःचा पाय शोधताना.
तो अ‍ॅक्सिलरेटरवर होता.

मी पान्याकडे बघत राहिले. पाना स्वच्छच होता, तरी पुसला.

"कौसे," ते म्हणाले, "असं करू.
गुडघ्यावर हात ठेवतो.
पायाला काही कळत न्हाई, गुडघ्याला इचारू."

दाबा.
दाबलं.
धरा.
धरलंय, गुडघा म्हणतोय.

आधी काळपट तेल आलं, चहाच्या चोथ्याच्या रंगाचं,
मग बुडबुडे, ज्वारीएवढे, मोहरीएवढे,
मग नुसतीच नळी, मधाच्या रंगाची.
मध्येच टाकीत तेल भरायला उठले
आणि सोडा म्हणायचं राहून गेलं.
बॉनेटपलीकडून आवाज आला,
"धरलंय गं अजून."
कपाळावर घाम, दोन्ही हात गुडघ्यावर.

ऊन उतरल्यावर केजच्या बाजूला नेली गाडी.
साठवर गेले आणि रिकामा रस्ता बघून
कचकन दाबला.
कुठं ओढली नाही, सरळ उभी राहिली.
मागून आलेला कापसाचा टेम्पो शिवी देऊन गेला.

शेजारी आप्पांचा उजवा पाय
मॅटवर रुतलेला, टाच उचललेली.
"लागला," ते म्हणाले.
मी त्यांच्या पायाकडे बघितलं.
ते समोर बघत होते,
त्यांचा हात गुडघ्यावर नव्हता.